पेव

हरिपुरात आमची अकरा पेवं होती.
सुरईसारखी. तोंड एक माणूस उतरेल एवढं,
पोट वीस फूट खोल, भिंतींना उसाचा पाला.
हळद आत निजायची वर्षानुवर्षं
आणि कीड वरच्या वर हिंडत राहायची.

पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
झाकण काढून रात्रभर त्याला श्वास घेऊ द्यायचा,
मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
दस्तगीरचाचा ज्योतीवर डोळा ठेवून म्हणायचे,
"ती हाय तवर आपण हाय."
विझली, तर अजून एक रात्र.

यंदा शिवलीला बिरादार आली, नदीचा अभ्यास करणारी.
ओट्यावर तिनं नकाशा पसरला: कृष्णेचं खोरं.
आमच्याकडे खोरं म्हणजे माती ओढायचं अवजार;
म्हणाली, तेच, फक्त हे पाणी ओढतं.
पाऊस कदाचित तेवढाच पडेल, काका, थोडा जास्तही.
दिवस कमी होतील.
म्हणजे चार महिन्यांचा पगार एका आठवड्यात, मी म्हणालो.
"आणि तोही पिऊन आलेला," ती हसली.
मग हसू आवरून म्हणाली,
मी जतची. तुम्ही माडीवर चढता
त्याच आठवड्यात आमच्या वेशीत टँकर उभा असतो.

दोन हजार साठ, तिनं बोट ठेवलं. असं होईल किंवा तसं.
नुसतं अंदाजांचं पेव फुटलंय, मी म्हणालो.
तिनं तो वाक्प्रचार वहीत लिहून घेतला.
मला वाईट वाटलं,
कारण फुटताना मी पाहिलंय.
पाणी घाटाच्या पायऱ्या चढण्याआधीच
बुडातून आलं होतं, गुपचूप.
दहा पेवं खालून गेली
आणि आम्ही नदीकडे तोंड करून बसलो होतो.

आता हळद शीतगृहात. लाईट गेली की घाम आम्हाला.

संध्याकाळी तिला उरलेल्या एका पेवाशी नेलं.
आत ठेवायला काही नव्हतं, तरी कंदील सोडला.
ज्योत बारीक झाली, पण राहिली.
आणि खालून दुसरा कंदील वर येऊ लागला,
तेवढ्याच गतीनं.

दोन ज्योतींबद्दल चाचांनी काही सांगितलं नव्हतं.
"किती फुटांवर?" शिवलीला विचारते, पेन उघडून.
थांब जरा,
दोरी ओली आहे, हातातून सरकतेय,
मोजतोय.