लेखनिक

नियम असा होता:
लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा.
मी अकरावीत, त्यातही गटांगळ्या खाणारा,
म्हणजे नियमात अगदी चपखल.
एका पेपरचे पंधरा रुपये, वर एक वडापाव.

गंगापूर रोडवरचं कॉलेज, जिन्याखालची खोली.
एक पंखा, एक डुगडुगतं बाक, आणि घोलप सर,
मी पदरचं काही घालत नाही ना, हे बघायला.
कुमुद तांबट आळीतली. रिक्षाची वळणं मोजत यायची.
दारातच म्हणाली, "भिंत ओली आहे इथली."
मी हात लावून पाहिला.
होती.

प्रश्न तिसरा, गुण आठ:
'प्रस्तुत कवितेतील रंगांचे महत्त्व स्पष्ट करा.'
वाचता वाचता मलाच लाज वाटली,
जणू पेपर मी काढला होता.
गाळायचा का, विचारणार होतो,
तेवढ्यात ती म्हणाली, "परत वाच. सावकाश."

मग बराच वेळ पंखाच बोलत राहिला.

मला उत्तर येत होतं.
गाइडमधलं, घोटलेलं.
तिच्यासाठी काळजात कालवलं की काय झालं,
हात आपसूक लिहू लागला:
निळा रंग हे शांततेचे

"मी गप्प आहे," कुमुद म्हणाली,
"मग पेन का चालतंय?"

घोलप सर खिडकीबाहेर बघत होते.
मी ओळ खोडली. तेही तिला ऐकू गेलं असणार.

"लिही आता.
निळा म्हणजे घाटाची पायरी,
पहाटेची, ऊन पोचायच्या आधीची.
अनवाणी उभं राहिलं
की पाय परत मागावेसे वाटत नाहीत.
तांबडा आमच्या घरातच आहे.
बाबा हंड्याला ठोके देतात तेव्हा
आतून खरवईचा टेका असतो.
टेक्याशिवाय मारलं तर पत्रा फाटतो.
ठोका बसला की हंडा वाजतो, चुकला की ओरडतो.
वाजणं आणि ओरडणं याच्या मधला जो असतो ना,
तो तांबडा. लिहिलंस?"

लिहिलं.
दोन ओळी डोळे मिटून लिहून पाहिल्या,
तर एकीवर एक चढल्या, सर खेकसले.
मिटल्या डोळ्यांपुढे मला काही उमगलं
असं सांगणार नाही.
अंधार होता, आणि त्यात माझाच श्वास.

सहामाहीचे पेपर परत मिळाले.
आठापैकी दोन. शेरा: विषयाला सोडून.
तिने मला तो तीनदा वाचायला लावला
आणि तिन्ही वेळा हसली.

आता सातपूरला नोकरी आहे. व्हॉल्व्ह तपासतो.
कधीमधी कथा लिहितो, एखादी छापूनही येते.
परवा आमच्या गेटवरचा वॉचमन कथेत घेतला.
मुलगा गेलेला माणूस. त्याच्या तोंडी
असं देखणं वाक्य घातलं
की माझा मलाच हुंदका आला.
रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा कळलं,
तो गप्प होता.
पेन माझं चाललं होतं.

एकदा पहाटे घाटावरही जाऊन आलो.
चपला हातात घेऊन उभा राहिलो.
पायरी गार होती, थोडी शेवाळलेली.
निळी होती का, ते कुमुदलाच विचारावं लागेल,
आणि ती कुठे असते, ठाऊक नाही.

काल भांडी विसळता विसळता
बायको तिच्या आईबद्दल सांगत होती,
अडखळत, मधेच नळ सोडत, बंद करत.
तिचं वाक्य पुरं करायला
माझ्या जिभेवर शब्द तयारच होता.

"ऐकतोयस ना?"

"हो," म्हटलं. "थांब जरा.
एक ओळ खोडतोय."