रकाना सात

फॉर्म वरून आला.
वरून म्हणजे कुठून, ते कुणी विचारत नाही.
रकाना सात : शहर हद्दीतील एकूण स्थानके.
चौकोन एवढासा, काडेपेटीची काडी आडवी मावायची नाही.
साहेब म्हणाले, चिलवेरीबाई, शनिवारपर्यंत द्या.
आकडा द्या, गोष्ट नको.

पाच मिनिटांचं काम वाटलं.
सोलापूर धरलं, एक.
घरात आम्ही तेलुगूत त्याला शोलापूर म्हणतो,
शेजारच्या टेबलावरचा शिवलिंगय्या सोन्नलगी म्हणतो,
तरी एकच धरलं. तेवढी अक्कल आहे.
बाळे धरलं.
हद्दवाढीत ते आत आलं,
स्थानकाला मात्र कुणी कळवलं नसावं.
टिकेकरवाडीपाशी नकाशावरची पेन्सिलची रेघ इतकी जाड
की गाव रेघेच्या आत, बाहेर,
का रेघेखालीच, दिसेना.
होटगी शहरात नाही, पण रजिस्टरांत आहे.
गदगच्या रजिस्टरात एकदा, वाडीच्या एकदा.
फलाट तोच, चहावाला तोच,
हजेरी दोन ठिकाणी. अशी नोकरी मलाही चालेल.

मग गिरणीची साइडिंग.
रूळ आहेत, बफर आहे, बफरमधून बोरीचं झाड आलंय.
बंद, असं कुठल्याच कागदावर नाही.
म्हणजे चालू.

रामवाडीत हणमय्या मामांकडे गेले.
चाळीस वर्षं हातोडा घेऊन रुळावर चाललेला माणूस.
मामा म्हणाले, काय मोजायलीस?
बोर्ड मोजायलीस व्हय?
बोर्ड काय गाडीत बसतोय?
गाडी कुठं थांबती बघ. माणूस कुठं उतरतंय बघ.
आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

सकाळची पॅसेंजर आउटरला थांबते.
रोज. सिग्नल लाल, अकरा मिनिटं, कधी चौदा.
डब्यातून बायका खडीवर उतरतात,
टोपलीत काल वळलेल्या विड्या, वर ओलं फडकं.
कारखाना तिथून जवळ.
पुढं स्टेशनात जाऊन मागं यायचं म्हणजे रिक्षाला वीस रुपये.
हजार विड्या, पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्या,
चेकर छाट काढतो ती वेगळी.
मोजणी मी ह्यांना काय शिकवणार?
रंगम्माला विचारलं, कुठं उतरता?
म्हणाली, लालला.
कुठल्या लालला?
अहो, लालला.
तिकिटावर हे नाव नाही, वेळापत्रकात नाही,
तरी अठरा जणी तिथं उतरतात,
आणि एखादी म्हणतेच, आज लाल लवकर आलं गं.

मी चार लिहिलं.
मंगळवारी फॉर्म परत.
शेरा : गतवर्षीच्या आकड्याशी तफावत. खुलासा करावा.
गतवर्षीचा कागद काढला.
सहा.
अक्षर माझंच. निळ्या पेनानं, ठसठशीत,
खाडाखोड नाही.
कुठली सहा, ते काही केल्या आठवेना.
तेव्हा मी मोजली होती,
का त्याच्या गतवर्षीचं बघून उतरवली होती?
शिवलिंगय्या म्हणाला, पाच लिवा की, मधलं.

खुलाशासाठी भल्या पहाटे होटगीला गेले.
फलाट दोनदा चालले, एकदा ह्या रजिस्टरासाठी,
एकदा त्या.
येताना तीच पॅसेंजर.
तीच थांबली.
रंगम्मानं टोपली आधी दिली माझ्या हातात,
मग म्हणाली, उतरा की, ऑफिस इथनं पण जवळच हाय.
खाली खडीवर कुणीतरी फरशी टाकून ठेवलीय,
शहाबादी, दीड बाय दोन,
पाऊल टेकावं एवढी.
एक कोपरा हातोड्यानं गोल केलेला,
नऊवारीचा काठ अडकू नये म्हणून.

मी उतरले.
फरशी जरा हलते.
खाली एक चीप सरकवायला पाहिजे.
मामांना सांगते.