ठिपका

रात्रपाळीला औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक तुरळक.
पेर्ममध्ये आज उणे एकोणीस. काउंटरखाली फोन,
फोनवर तू,
म्हणजे दोन आकडे,
आणि सर्व्हिस कुणाची ते सांगणारा हिरवा ठिपका.
ट्युनिशियात अजून ऊन असेल.
पात्रता फेरी. चित्र नाही, आवाज नाही.
इतरांच्या नावापुढे झेंडे,
तुझ्या नावापुढे कोरा चौकोन.
आईला वाटलं, नेट गेलं.

१५–३०.
आकडा हलत नाही.
मला ठाऊक आहे काय चाललंय ते.
डाव्या बुटाची नाडी.
सुटलेली नसतेच ती, तू सोडतेस
आणि पुन्हा बांधतेस,
सात वर्षांची होतीस तेव्हापासून,
कारखान्याच्या गोदामात आपलं कोर्ट होतं तेव्हापासून.
बेसलाइनच्या मागे दोन पावलांवर भिंत.
मागे सरायला जागाच नव्हती,
म्हणून तू चेंडू उठता उठताच मारायला शिकलीस.
आता प्रशिक्षक त्याला शैली म्हणतात.
भिंत होती ती, ग्लाशा.

थंडीत चेंडू मेल्यासारखे पडायचे.
रात्री आपण ते रेडिएटरवर मांडून ठेवायचो.
बाबा विचारायचे, पिल्लं कधी निघणार?
पहाटेच्या ट्राममधून कोटाच्या आत, पोटाशी धरून न्यायचो;
अर्धा तास उसळायचे,
मग पुन्हा दगड.

बाबांनी गाडी विकली त्या वर्षी
एकीच्याच प्रवासापुरते पैसे झाले.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
माझी रॅकेट मी तुझ्या पिशवीत सरकवली,
मुठीवरची टेप माझ्या घामाने काळी झालेली.
अजून बदलली नाही, असं तू सांगतेस.
टेप इतकी टिकत नाही.
मी पुन्हा विचारत नाही.

३०–३०.
एक म्हातारा खोकल्याचं औषध मागतो.
मी त्याला शंभर रूबल जास्त परत देते.
तो चष्मा लावून मोजतो, नोट काउंटरवर ठेवतो,
आणि माझ्याकडे असं बघतो
की जणू आजारी मीच.

मागच्या आठवड्यात हरल्यावर तू लिहिलंस :
जेवण बरं आहे. समुद्र जवळ आहे.
खोलीतली कझाक मुलगी झोपेत गुण मोजते.
बक्षिसाच्या पैशांत तारा आल्या,
तिकीट नाही.

४०–३०.
ठिपका हिरवा. आकडे गप्प.
नाडीला इतका वेळ लागत नाही.
बाहेर बर्फ काढणारी गाडी
गल्ली संपवून परत फिरते,
तरी आकडे गप्प.
पहिल्यांदाच मला कळत नाहीये
तू आत्ता काय करते आहेस.