किनारपट्टीचा अंदाज

रविवारी रात्री साडेनऊला हर्षालीचा फोन येतो.
आधी ती आठवड्याची हवा सांगते, मग स्वतःचं.
कामच ते तिचं, रत्नागिरीच्या वेधशाळेत
पारा वाचायचा, वारा मोजायचा
आणि अख्खा किनारा पाच ओळींत बसवायचा.

सोमवार ते बुधवार आकाश अंशतः ढगाळ.
कमाल चौतीस. आर्द्रता पंच्याऐंशी.
मी इकडे फैजपुरात, गच्चीवर, उघड्या अंगानं,
आत्ताच शिंपडलेलं पाणी
फरशीनं पिऊन टाकलेलं.
म्हणतो, चौतीस तर आमच्याकडे सकाळी नऊलाच होतं.
ती म्हणते, पप्पा, इथलं चौतीस वेगळं.
वाळतच नाही काही. टॉवेल, केस, बरणीतलं मीठ,
आणि माणूस तर दिवसभर पिळून ठेवल्यासारखा.

आमचा अंदाज कोणी सांगत नाही, गरजही नाही.
ऊन. उद्या ऊन. परवा लग्नं आहेत, तरी ऊन.
दुपारी बारा ते पाच गाव आतून कडी लावून असतं,
केळीची पानं कडेनं करपतात,
डेपोच्या पाणपोईवरला पेला हाताला चटका देतो.

फक्त वर्षातून एक सकाळ
हेच गाव उन्हाकडे
वरपक्षाकडे बघावं तसं बघतं.
पहाटे चारला सिंधू नेहेते, पमाकाकू, हर्षालीची आई
मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा घोटत असतात,
लसूण, तीळ, जिरं, दोन्ही हातांनी धरलेला लाकडी हाटा.
आळीतली पोरं वाट्या घेऊन रांगेत,
गरम घाट्यावर तेल, आणि जिभा पोळलेल्या.
सूर्य वर येईस्तोवर ओल्या धोतरावर
तीनशे बिबड्या थापून तयार.
संध्याकाळी धोतराला उलट्या बाजूनं पाणी लावलं
की सुटतात, चंद्रासारख्या वगैरे नाही,
बिबड्यांसारख्याच.

त्यातला एक डबा ट्रॅव्हल्सनं रत्नागिरीला गेला.
तिसऱ्या दिवशी फोन, रविवार नसताना.
आई, मऊ पडल्या गं सगळ्या.

तेव्हापासून हिला अंदाजात रस.
आर्द्रता म्हणजे काय हो?
हवेतलं पाणी.
मंग पडत काहून नही ते?
आहे, पण दिसत नाही.
मंग समजतं कसं?
मी तीस वर्षं एसटीत टाइमकीपर होतो,
गाडी आली नाही तरी ती आहे, एवढं मला माहीत आहे.
म्हटलं, बिबड्या मऊ पडतात, त्यावरून.

गुरुवारपासून पश्चिमेचे जोरदार वारे,
समुद्र खवळलेला, मच्छिमारांनी खोल पाण्यात जाऊ नये.
हिचा हात निवडण्याच्या ताटात थांबला.
पोरगी तर नही ना जात?
ती दुसऱ्या मजल्यावर बसते, खुर्चीवर.
तरी सकाळी दूधवाल्या रोहिदासला हिनं सांगितलंच,
शुक्रवारपर्यंत जाऊ नका म्हणे पाण्यात.
तापी इथून कोसावर, पाणी घोट्याएवढं.
तो बरं म्हणाला, माप जरा जास्त घातलं.

या रविवारी हर्षालीनं किनारा सांगितला
आणि गप्प झाली.
पंख्याचा आवाज तिकडचा, इकडचा,
कुठला कुठला ते कळेना.
मी विचारलं, आणि तुझं?
म्हणाली, अंशतः ढगाळ.
हसली. पण उशिरा हसली.

मी हिला काही बोललो नाही.
हिनंही विचारलं नाही, उठून माळ्यावरचा
स्टीलचा दुसरा डबा काढला.

आज भर बारा वाजता, चटके बसत असताना,
डबा उघडा घेऊन ही गच्चीवर उभी आहे.
डोक्यावर पदर, पायांखाली गोणपाट.
अगं, खाली ये, झळ लागेल.
थांबा जरा, म्हणते,
इथली हवा भरू द्या त्यात पुरती.

मग झाकण दाबून बसवते, वरून चिकटपट्टी, तीन वेढे,
आणि मला म्हणते, लिहा वरती,
उघडशील तेव्हा खिडकी लावून घे.