माडी

मस्जिद बंदरच्या बाजूच्या खिडक्या आम्ही रात्री लावून घेतो,
तरी हिंगाचा वास येतोच वॉर्डात.
नऊ नंबरच्या खाटेवर वेलजीभाई गाला,
वय एक्याऐंशी, जन्म दाणाबंदरच्या दलालीत गेलेला,
खुब्याचं हाड मोडलेलं.
दीडच्या सुमाराला डोळे न उघडता म्हणाले,
माडी.

मी म्हटलं, बाबा, माडी नाही इथे.
हा तिसरा मजला. वर नुसती गच्ची
आणि पाण्याच्या टाक्या.
माडी, ते म्हणाले.

बावतीस रिकामं स्ट्रेचर ढकलत आला. अर्नाळ्याचा.
म्हाताऱ्याची तल्लफ बघा, म्हणाला,
पहाटेची उतरवलेली, गोड, ती पाहिजे त्याला.
आणि तोंडावर हात ठेवून हसला,
कारण सात नंबरला आत्ताच कुठे डोळा लागला होता.

कँटीनचा मंजय्या जिन्यात फोनवर होता.
रोज असतो. कुंदापूरला कोणाशी बोलतो, मी विचारलेलं नाही.
दर वाक्याच्या शेपटाला माडी, माडी.
म्हणजे 'करा', सिस्टर. ऊटा माडी, जेवण करा.
आणि नुसतंच माडी म्हटलं तर?
तर नुसतंच करा. काय ते तुम्ही बघा.

मी नाडी पाहिली. चादर वर ओढली.
सलाईनचा थेंब मोजला, तो ठीकच होता.

मला माडी म्हटलं की वेंगुर्ल्याची शिडी,
तिची एक पायरी खिळा निसटलेली,
आणि वर आई, आमसुलं पसरणारी.
खालून तिच्या टाचा तेवढ्या दिसायच्या, लाल झालेल्या.
मला वर घ्यायची नाही. पडशील म्हणायची.
म्हणून असेल, चौथ्या की पाचव्या हाकेला
मी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं,
सकाळी नेते हं तुम्हाला वर.

ते गप्प झाले. झोपलेच.
वहीत लिहिलं : नऊ नंबर, रात्रभर माडीवर जायचं म्हणत होते.
समजूत घातली.

सहाला जीवीबेन फिनेलची बादली घेऊन आली.
वही तिला वाचता येत नाही, तिने हाकच ऐकली
आणि फडकं बादलीत तसंच सोडलं.
अगं बाय, तो आईला बोलावतो.
माडी म्हणजे मा.
तू काय सांगितलं त्याला?

मी काही बोलले नाही.
वहीतल्या ओळीवर पेन टेकवून बसले,
शाईचा ठिपका मोठा होत गेला.

दुसऱ्या रात्री पुन्हा दीड. पुन्हा माडी.
वॉर्डात कोणी जागं नाही ना, बघून घेतलं
आणि मी ओ दिली.

वेलजीभाईंनी डोळे उघडले.
मूठभर गहू उजेडात धरून बघावा
तसं मला बघितलं, सावकाश,
आणि बाजारातल्या चोख मराठीत विचारलं,
तुम्ही कोण, बाई?