पाठाचं टाचण

एकतीस वर्षं सेकोंडीच्या रेल्वे वर्कशॉपात
मी लोखंड कातलं.
आता बावन्नाव्या वर्षी
पोरांच्या बाकावर बसतो, गुडघे मावत नाहीत,
आणि समोर कोरा तक्ता:
पाठाचं टाचण.
घटक. उद्दिष्ट. साहित्य. कृती.

वर्गात आम्ही अकरा जण.
एक गवंडी, दोघी शिंपिणी, फ्रिजवाला म्बेआ,
बंदरावरचा एक वेल्डर,
भुवया जळून पुन्हा उगवलेला.
सगळ्यांना काम येतं.
म्हणून तर बोलावलंय.
म्हणून तर अडलंय.

बेंट्सिलबाई म्हणतात, कृती लिहा, मिस्टर आर्हिन,
एकेक पायरी.
मी लिहितो: जॉब चकमध्ये धरा.
सेंटर बघा. काप घ्या.
केवढा काप?
बेताचा.
बेत कसा कळतो?
आवाजावरून.
कुठल्या?

बंदरात एका जहाजाचा भोंगा वाजला, लांबलचक.
तो संपेपर्यंत मी तोंड उघडं ठेवलं.
सगळं तळहातात होतं,
तोंडात आलं नाही.

माझा मिस्त्री, म्हातारा क्वॉव,
चूक झाली की टपली मारायचा.
बरोबर आलं की मारायचा नाही.
एवढंच त्याचं व्याकरण.
मी सात पोरांना तसंच शिकवलं.
तिघं टिकली.
चौघं कुठे गेली, मी कधी विचारलं नाही.

संध्याकाळी ताकोराडीच्या बाजारात
एक बाई संत्री सोलत बसलेली,
हिरवट, आपल्या मुठीएवढी.
साल उतरत होती अखंड, एका रुंदीची,
मांडीवर वेटोळं होऊन पडत होती,
जशी लेथखालच्या ट्रेमध्ये पोलादाची कुरळी फीत,
फक्त ही थंड.
शेजारी तिची भाची, आठेक वर्षांची,
तिचं संत्रं फाटून रस कोपरापर्यंत.
बाई मान वर न करता म्हणाली,
सुरी हलवू नकोस गं.
सुरी नुसती टेकव.
फिरायचं काम संत्र्याचं.

मी तिथेच उभा.
एकतीस वर्षं!
हे एक वाक्य
माझ्या वर्कशॉपात कुणी कधी बोललं नव्हतं.
लागत नसताना अकरा संत्री घेतली.
गिऱ्हाईक खुळं आहे हे ओळखून
तिने एक जास्तीचं दिलं.

दुसऱ्या दिवशी सरावपाठ.
लेथ नाही, खडू आहे, संत्री आहेत.
गवंड्याने सुरी दाबली, फाटलं.
वेल्डरने घाई केली, फाटलं.
एकट्या इफुआ शिंपिणीची साल
जमिनीला टेकली तरी तुटली नाही.
मी म्हणालो, आता डोळे मिटून ऐका.
साल पातळ निघते तेव्हा सुरी कुजबुजते.
खोल गेली की आवाज ओला होतो.
लोखंडाचंही असंच, ते ओलं होत नाही, चिरकतं.
चिरकलं की काप मागे घ्यायचा.
मग मी गप्प झालो, कारण
हे मी बोललो होतो.

बाई मागच्या बाकावर, संत्रं चोखत, काही टिपत.
नंतर तक्ता पुढे सरकवला:
साहित्याच्या रकान्यात सुरी आणि संत्री लिहिलीत.
आणखी काही नाही तुमच्याजवळ?
त्यांची नजर माझ्या खिशाकडे.

खिशात डावा हात.
त्यातलं मधलं बोट दोन पेरांचं.
तिसरं पेर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, एका शुक्रवारी,
बाही अडकली, आणि मी यंत्र बंद करण्याऐवजी
हात ओढला.
वर्गात तो हात मी बाहेर काढत नाही.
काढला. बाकावर ठेवला.
म्बेआने बघितलं, आणि स्वतःच्या बाह्या
न बोलता कोपरावर दुमडल्या.

उद्दिष्टाचा रकाना अजून रिकामा होता.
पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल?
लिहिलं: लेथ चालवता येईल.
खोडलं.
लिहिलं: लेथ थांबवता येईल.

उद्दिष्ट मोजता यायला हवं, मिस्टर आर्हिन,
बाई म्हणाल्या. किती सेकंदांत?

अजून लिहिलेलं नाही.
सोमवारी द्यायचंय.