ओहोटीच्या रेघा

बाल्टिकला भरती-ओहोटी अशी नाहीच.
पाणी काल जिथे होतं तिथेच आज,
फार तर वाऱ्याने वीतभर इकडे तिकडे.
आणि ग्दिन्याच्या प्रयोगशाळेत, टेबलावर,
मनगटाएवढ्या जाड खिळीच्या तुटल्या तोंडावर
एकीमागे एक वळत गेलेल्या रेघा,
समुद्र हळूहळू मागे सरकत गेल्यासारख्या.

मी खीळ ॲसिटोनने धुतली. मीठ गेलं, ग्रीस गेलं.
बोगुमिवाबाईंनी दिवा तिरपा धरला.
"सरळ उजेड सगळं सपाट करून टाकतो," एवढंच म्हणाल्या.

झेनॉन उस्तकाहून बसने आला होता,
टोपी हातात, बोटांना डिझेलचा वास.
जाळ्याच्या दोराची कप्पी हिच्यावर लोंबायची.
ही तुटली तेव्हा दोर चाबकासारखा फिरला
आणि ओल्गिएर्डचा उजवा खांदा गेला.
"नोव्हेंबरचं ते वादळ," झेनॉन म्हणाला,
"त्यातच ही आतून गेली असणार.
मी तेव्हाच म्हटलं होतं."

बाईंनी उत्तर दिलं नाही.
नखाएवढा तुकडा कापून निर्वातात ठेवला.
पडद्यावर करडं काहीतरी उमटलं,
बारीक फणीने विंचरलेलं.

"ही एक रेघ म्हणजे एक लाट.
बोट वर गेली, दोर ताणला, भेगेचं तोंड उघडलं.
हे पोलाद काचेसारखं तडकत नाही, लवतं;
टोकाशी नरम पडून बोथट होतं.
मग बोट खाली आली, तोंड मिटलं,
बोथट टोक दुमडलं आणि त्याला पुन्हा धार आली.
तेवढ्यात भेग पुढे सरकली,
केसाच्या जाडीचा तीनशेवा भाग."
"इतकीच?"
"इतकीच. सहा सेकंदांनी पुन्हा."

पडदा सरकत राहिला.
एका ठिकाणी एकच रेघ, जाड, खोल,
आणि तिच्यापुढे रेघा इतक्या दाटीच्या
की मोजता मोजता माझ्या डोळ्यांना पाणी आलं.
"हे तुमचं वादळ," बाई म्हणाल्या.
"त्या एका हिसक्याने टोकापुढचा धातू ताणून पसरला.
हिसका गेल्यावर भोवतालच्या धातूने
त्याला चारी बाजूंनी आवळून धरलं.
भेग अडकली. कित्येक दिवस रेंगाळली.
वादळामुळे तुमचा नाताळ नीट पार पडला, झेनॉन.
तोडलं ते साध्या दिवसांनी."

साधे दिवस.
तो खिडकीकडे बघत होता.
रेडिओ लावलेला, थर्मासमधली कॉफी,
वारा नाही, कुणी कुणावर ओरडत नाही,
दोर ताणतोय, सैलावतोय, ताणतोय,
त्याकडे कोण बघतं?

मग बाई रेघांच्या उलट दिशेने निघाल्या.
सगळी वळणं कडेच्या एका बिंदूभोवती आवळत गेली.
तिथे, पृष्ठभागावर, तपासून पास केलेल्या खिळीचा नंबर,
हातोड्याने ठोकलेला,
आणि चौकड्याच्या टोकदार कोपऱ्यातून
भेग निघालेली.

झेनॉनने चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.
"चार डावीकडे कललाय," तो म्हणाला.
"माझा असाच पडतो."

निर्वाताचा पंप घुरघुरत होता.
मी उगाच चिमटे पुसले.

अहवालात बाईंनी लिहिलं:
उगम, नंबर ठोकल्याची खूण.
ठोकणाऱ्या हाताला छापील कागदावर रकाना नव्हता,
त्यांनी तो आखलाही नाही.

दारात टोपी घालताना त्याने विचारलं,
रेघा एकूण किती.
"मोजता आल्या त्या एक लाख दहा हजार.
शेवटचा खडबडीत भाग सोडून. तो एकाच लाटेत गेला."
झेनॉनचे ओठ हलत राहिले,
फेऱ्या, तास, जाळी, कसलातरी हिशेब.
"म्हणजे ऑगस्टपासून," तो म्हणाला.
"तेव्हा हेरिंग छान मिळत होती.
ओल्गिएर्ड तर गात असायचा."

साडेपाचची बस होती. तो चालतच गेला बंदराकडे.
तुटलेल्या तोंडावर मी तेलाचा पातळ हात फिरवला,
गंज चढू नये म्हणून,
आणि खीळ कापडात गुंडाळून
कपाटात, इतर खिळींच्या शेजारी ठेवली.